असोसिएट पूर्ण करू, की सोडून मास्टर्सला जाऊ?

पत्र लांब आहे, त्याचा गाभा असा. वाचक ताई मूळच्या नाशिकच्या, वय ३८. बीएचएमएस होऊन काही वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला. लग्नानंतर अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका शहरात आल्या आणि मुलं लहान असेपर्यंत घरी राहिल्या. व्हिसा एच-४, म्हणजे यजमानांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणारा; काम करायची परवानगी अलीकडेच हातात आली. गेल्या वर्षी त्यांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या, म्हणजे एचआयएमच्या (रुग्णांच्या नोंदी सांभाळण्याच्या विषयाच्या), दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला प्रवेश घेतला. निम्मे क्रेडिट झाले आहेत. आता वर्गातली एक मैत्रीण म्हणते की असोसिएट पदवी लवकरच बाद होणार, बॅचलर्सशिवाय कुणी उभं करणार नाही. यजमान म्हणतात, मग हे सोड आणि कर्ज काढून ऑनलाइन हेल्थ इन्फर्मेटिक्सचं, म्हणजे आरोग्याच्या नोंदींच्या संगणकी बाजूचं, मास्टर्सच कर. सासूबाईंचा फोनवर एकच प्रश्न असतो: डॉक्टर होतीस, आता कारकुनी करणार का? ताई विचारतात, ‘माझं एक वर्ष वाया गेलं का? आणि जे शिकतेय ते पाच वर्षांनी चालेल का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्याच्यामुळे उडालीय. असोसिएट पदवी पाच वर्षांत बाद होईल असं मला वाटत नाही. पण तुमच्या मैत्रिणीनं जे ऐकलंय ते हवेतून आलेलं नाही. या क्षेत्रात पदवीच्या पातळ्यांवर बरीच वर्षं वाद चालू आहे आणि त्याचा रोख वरच्या दिशेनं आहे. तो नीट समजून घेतलात तर घाबरून निर्णय घ्यावा लागणार नाही.

थोडं मागे जाऊ. १९२८ मध्ये बॉस्टनमध्ये हॉस्पिटलच्या नोंदी सांभाळणाऱ्या लोकांची संघटना उभी राहिली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ग्रेस व्हायटिंग मायर्स तिच्या पहिल्या अध्यक्ष. तेव्हा या कामाला मेडिकल रेकॉर्ड लायब्ररियन म्हणत. १९३५ मध्ये मिनेसोटातल्या डुलुथच्या कॉलेज ऑफ सेंट स्कोलॅस्टिकानं या विषयाची बॅचलर्स पदवी सुरू केली. म्हणजे बॅचलर्सची पायरी इथे नव्वद वर्षं जुनी आहे. तंत्रज्ञाची, दोन वर्षांच्या शिक्षणाची पायरी नंतर आली, कारण नोंदी इतक्या वाढल्या की सगळं काम लायब्ररियनकडून होईना. हीच संघटना आज अहिमा या नावानं ओळखली जाते. तिच्या दोन मुख्य परीक्षा तुम्हाला ठाऊक आहेतच: असोसिएटनंतर आरएचआयटी आणि बॅचलर्सनंतर आरएचआयए. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था वेगळी, तिला सगळे कॅहीम म्हणतात.

वादाला तोंड फुटलं ते २०१६-१७ च्या सुमारास. संघटनेच्या शिक्षणविषयक मंडळानं ‘एचआयएम रीइमॅजिन्ड’ नावाचा मसुदा पुढे आणला. दहा वर्षांत सभासदांपैकी २० टक्क्यांकडे पदव्युत्तर पदवी असावी, अशी त्यात शिफारस होती. या क्षेत्रात सर्व बाजूंची जाण असलेल्या व्यावसायिकाचं माप आरएचआयए धरावं आणि आरएचआयटी ही तांत्रिक पातळी मानून तिला एखाद्या विशेष कौशल्याची जोड द्यावी, असंही म्हटलं होतं. कम्युनिटी कॉलेजांमधल्या शिक्षकांत तेव्हा बरीच अस्वस्थता पसरली. तुमच्या वर्गात जी कुजबुज ऐकू येते तिचं मूळ इथे आहे. पण मसुदा काय म्हणत होता ते पुन्हा बघा. असोसिएट काढून टाका असं त्यात नव्हतं. तिला धार लावा, असं होतं. २०१८ च्या अभ्यासक्रमात असोसिएट पातळीवर डेटा मॅनेजमेंट आणि रेव्हेन्यू मॅनेजमेंट अशा दोन वाटा आल्या त्या याच विचारातून. तुमच्या कॉलेजनं यातली कोणती वाट घेतलीय हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर तो प्रश्न विचारून घ्या, कारण पहिली नोकरी कुठल्या विभागात मिळेल यावर त्याचा परिणाम होईल.

आता शेजारच्या क्षेत्रांत काय झालं ते बघू. आपल्या ओळखीतल्या कितीतरी जणी त्यांतून गेल्या आहेत. डाएटिशियनचं घ्या. १ जानेवारी २०२४ पासून इथली रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा पहिल्यांदा द्यायची असेल तर पदव्युत्तर पदवी लागते. भारतातून होम सायन्स करून आलेल्या मुलींना त्याचा चांगलाच फटका बसला. फिजिओथेरपीत अभ्यासक्रमांना डॉक्टरेटची सक्ती २०१५ अखेर पूर्ण झाली. हे वाचून मैत्रिणीचं खरंच वाटेल. पण त्याच फिजिओथेरपीत सहायकाचं शिक्षण अजून असोसिएट पातळीवरच आहे. ऑक्युपेशनल थेरपीत तर २०१७ मध्ये घोषणाच झाली होती की २०२७ पासून थेरपिस्टला डॉक्टरेट आणि सहायकाला बॅचलर्स लागेल. कॉलेजं, मालक आणि काम करणारी माणसं सगळ्यांनी इतका विरोध केला की २०१९ पर्यंत तो बेत गुंडाळावा लागला आणि थेरपिस्ट आणि सहायक दोघांनाही जुनी आणि वरची अशा दोन-दोन पातळ्यांच्या पदव्या चालू राहिल्या.

माझ्या मते एचआयएमला सगळ्यात जवळचं उदाहरण नर्सिंगचं आहे. अमेरिकन नर्सेस असोसिएशननं १९६५ मध्येच बॅचलर्सची मागणी केली होती. आज साठ वर्षांनीही असोसिएट पदवीवाल्या मुली तीच लायसन्सची परीक्षा देऊन नर्स होतात. फरक पडला तो पुढच्या वाटचालीत. न्यूयॉर्क राज्यानं २०१७ च्या अखेरीस कायदा केला की नव्या नर्सनं लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बॅचलर्स पूर्ण करावं. मोठी हॉस्पिटलं भरतीतच बॅचलर्सला झुकतं माप देतात. असोसिएट करून कामाला लागता येतं, पण तिथंच वीस वर्षं काढणं अवघड झालंय. एचआयएममध्येही हेच होईल, किंबहुना होऊ लागलंय, असं माझं मत आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. नर्स, थेरपिस्ट यांना राज्याचं लायसन्स लागतं. एचआयएमला कुठल्याही राज्याचं लायसन्स नाही. म्हणून एखाद्या तारखेला कायद्यानं दार बंद झालं, असं इथे घडणार नाही. इथे पातळी ठरवतात तीन जण: परीक्षेची पात्रता ठरवणारी संघटना, अभ्यासक्रमाला मान्यता देणारी संस्था आणि जाहिरात लिहिणारा मालक. पहिल्या दोघांचे बदल वर्षांनुवर्षं आधी जाहीर होतात. तिसऱ्याचा बदल रोजच्या रोज नोकरीच्या जाहिरातींत दिसतो. अफवा ऐकण्यापेक्षा तुमच्या शहराच्या तीस मैलांतल्या हॉस्पिटलांच्या जाहिराती महिनाभर वाचा आणि वहीत टिपून ठेवा: कुठल्या पदाला काय मागितलंय, ‘आवश्यक’ म्हणून की ‘असल्यास प्राधान्य’ म्हणून. एका महिन्याची ती वही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

सासूबाईंच्या प्रश्नाला आता येते, कारण मला वाटतं तो तुम्हाला मैत्रिणीच्या बातमीपेक्षा जास्त बोचलाय. पत्रात तुम्ही तो दोनदा लिहिलाय.

तुम्ही शिकताय ते काम प्रत्यक्षात कसं असतं ते बघा. न्यूमोनियानं दाखल झालेला सत्तरीतला रुग्ण. फाइलमध्ये डॉक्टरांची एक ओळ आहे, ‘सीएचएफ, लॅसिक्स सुरू’, म्हणजे हृदय कमी पडतंय आणि अंगातलं पाणी उतरवायचं औषध चालू केलंय. एवढ्यावर कोडरला, म्हणजे फाइल वाचून प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावणाऱ्या व्यक्तीला, आय५०.९ एवढंच लावता येतं, म्हणजे कुठल्या प्रकारचं ते न सांगितलेलं हार्ट फेल्युअर. पण त्याच फाइलमध्ये इकोचा रिपोर्ट आहे, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते माप, फक्त ३० टक्के. नर्सच्या नोंदीत पायांची सूज आहे, रात्रीत वाढलेली धाप आहे, औषध शिरेतून दिलंय. हे जुन्या सिस्टॉलिक (हृदयाचं आकुंचन कमी पडण्याच्या) फेल्युअरचं अचानक बळावणं असेल तर कोड होतो आय५०.२३. पहिल्या कोडनं रुग्णाच्या आजाराचं वजन हिशेबात वाढत नाही. दुसरा मेजर कॉम्प्लिकेशन धरला जातो आणि फाइलमध्ये दुसरं काही नसेल तर न्यूमोनियाचा डीआरजी, म्हणजे ज्यावरून बिलाचे पैसे ठरतात तो गट, १९५ वरून थेट १९३ वर जातो. हॉस्पिटलला मिळणारे पैसे बदलतात. रुग्ण किती आजारी होता याचा लेखी इतिहास बदलतो, आणि उद्या तो दगावला तर हॉस्पिटलच्या मृत्युदराचा अर्थही बदलतो. पण कोडरनं स्वतः अंदाज बांधायचा नाही. तिनं डॉक्टरला लेखी विचारायचं, आणि तेही उत्तर सुचवणारा प्रश्न न विचारता. समोरची लक्षणं आणि तपासण्या मांडायच्या, पर्याय द्यायचे, ‘सांगता येत नाही’ हाही पर्याय ठेवायचा.

ताई, ती इकोची ओळ आणि ती धाप एकत्र वाचता येणं हे बीएचएमएसच्या वर्गात आणि नाशिकच्या दवाखान्यात शिकलेलं आहे. इथे तुम्हाला डॉक्टर म्हणून काम करता येणार नाही हे खरं आहे आणि त्याचं दुःख होणं स्वाभाविक आहे. त्यावर कुणी पांघरूण घालावं असं मी म्हणणार नाही. पण पॅथॉलॉजी आणि मेडिसिन शिकलेलं डोकं फुकट गेलं, ही समजूत तपासून बघा. सोबतच्या मुली शरीररचनेच्या पेपराला रात्र-रात्र जागत असताना तुम्ही तो हसत दिलात, असं तुम्हीच लिहिलंय.

आपल्याकडे पदवीचा एक उतरता आणि चढता क्रम डोक्यात पक्का बसलेला असतो. डॉक्टर झाल्यावर दोन वर्षांची पदवी घेणं म्हणजे खाली उतरणं, मास्टर्स घेणं म्हणजे अब्रू राखणं. यजमानांच्या सूचनेतही मला त्याचा थोडा अंश दिसतो, जरी ती प्रेमापोटी केलेली असली तरी. या क्षेत्रात पातळ्या कामावरून समजून घ्याव्या लागतात. वरच्याच फाइलचं बघा. ती वाचून कोड लावणं आणि डॉक्टरला प्रश्न पाठवणं हे असोसिएट पातळीवर शिकवतात. अख्ख्या हॉस्पिटलात असे प्रश्न कसे विचारायचे याचं धोरण लिहिणं, कोडिंगचं ऑडिट करणं, रुग्णाच्या नोंदी कुणाला कधी द्यायच्या हे ठरवणं, ही बॅचलर्सची कामं. २०२१ पासून रुग्णाला त्याच्या नोंदी विनाकारण अडवून ठेवता येत नाहीत असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम लागू झाल्यावर या शेवटच्या कामाचा व्याप खूप वाढला. आणि हार्ट फेल्युअरच्या नोंदी एका विभागात नेहमीच अर्धवट का असतात, त्यासाठी संगणकातला फॉर्म कसा बदलावा, हजारो फाइलींतून काय दिसतं, हा मास्टर्सचा प्रांत. तिन्ही माणसं एकाच विभागात बसतात. आणि तिसरीनं पहिलीचं काम कधी केलेलंच नसेल तर तिच्या फॉर्मला डॉक्टर कंटाळतात आणि कोडर वैतागतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

म्हणून मास्टर्सबद्दल सावकाश. घोडं पेंड कुठे खातं ते सांगते. हेल्थ इन्फर्मेटिक्स आणि हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट ही नावं सारखी वाटतात, पण परीक्षेच्या पात्रतेला दोन्ही सारखी नाहीत. आरएचआयएला बसायचं तर कॅहीमची मान्यता असलेला एचआयएमचाच अभ्यासक्रम लागतो, मग तो बॅचलर्स असो वा मास्टर्स. निव्वळ इन्फर्मेटिक्सचं मास्टर्स, मान्यताप्राप्त असलं तरी, त्या परीक्षेचं दार आपोआप उघडत नाही. आणि इथल्या हॉस्पिटलात एक दिवसही काम न केलेल्या माणसाला इन्फर्मेटिक्सची नोकरी मिळणं सोपं नाही. ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं, डेटाबेस हाताळता येतो, किंवा जे आधीपासून हॉस्पिटलच्या संगणक विभागात आहेत, त्यांना ती पदवी छान उपयोगी पडते. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही. शिवाय एच-४ वर सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. खासगी कर्ज घ्यावं लागेल, जामीनदार लागेल, व्याज जास्त. ते ओझं डोक्यावर घेऊन पहिली नोकरी शोधू नका.

असं असलं तरी बॅचलर्सच्या पातळीची पदवी तुमच्या आयुष्यात लवकर यावी असं मला वाटतं, आणि त्यामागे व्हिसाचं कारण आहे. तुमची कामाची परवानगी यजमानांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेवर टांगलेली आहे. २०१५ मध्ये ती सोय सुरू झाली, ती नियमानं आलेली आहे आणि नियम बदलू शकतो. कधीकाळी स्वतःच्या बळावर एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लागलाच, तर ते पदच मुळात विशिष्ट विषयाच्या बॅचलर्सची गरज असलेलं असावं लागतं. कोडरचं पद त्यात बसवणं अवघड, कारण त्याला बॅचलर्स लागत नाही असं सरकारी वर्णनातच दिसतं. व्यवस्थापनाच्या किंवा विश्लेषणाच्या पदांना ते दाखवता येतं. इथे जन्मलेल्या तुमच्या मैत्रिणीला ही अडचण नाही, म्हणून ती या बाजूनं विचार करत नाही. तुम्हाला करावा लागेल. या बाबतीत वकिलाशी एकदा बोलून घ्या, माझ्यावर विसंबू नका.

यंत्राचं भय तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. ते खोटं नाही. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेत आयसीडी-१० ही कोडची नवी यादी आली तेव्हा निदानाचे कोड सुमारे १४ हजारांवरून ७० हजारांच्या आसपास गेले आणि कोडर मिळेनात. आज एक्स-रे, साधी ओपीडी, पॅथॉलॉजी यांचं पुष्कळसं कोडिंग सॉफ्टवेअर करतं आणि माणूस नजर टाकतो. ज्या कामात एकच कागद वाचून एकच कोड लावायचा असतो ते काम कमी होत जाणार. वरच्या रुग्णासारखी गुंतागुंतीची इनपेशंट (दाखल रुग्णाची) फाइल, ऑडिट, विमा कंपनीनं नाकारलेल्या बिलाचं अपील, ही कामं टिकतात आणि त्यांना वैद्यकीय जाण लागते. कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांची नोंदवही ठेवण्याचं काम, हाही एक चांगला रस्ता आहे. त्यातलं प्रमाणपत्र आता ऑन्कॉलॉजी डेटा स्पेशालिस्ट या नावानं मिळतं, असोसिएट पातळीच्या शिक्षणावर तिकडे जाता येतं आणि तुमच्यासारख्या उमेदवाराला तिथे मान आहे. क्लिनिकल डॉक्युमेंटेशनचा, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी पुरेशा आहेत का ते बघणारा, विभागही पुढे बघा. तिथे बहुतेक ठिकाणी नर्सना पसंती देतात, पण परदेशातली वैद्यकीय पार्श्वभूमी आणि कोडिंगचा अनुभव दोन्ही असलेली माणसं घेणारी हॉस्पिटलंही आहेत.

मग तुम्ही काय करावं? माझा सल्ला, निम्मं झालेलं असोसिएट पूर्ण करा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. तुम्हाला या देशात सगळ्यात जास्त कमतरता आहे ती इथल्या हॉस्पिटलशी ओळख असण्याची, आणि दुसऱ्या वर्षातलं प्रात्यक्षिक ती भरून काढतं. प्रात्यक्षिकासाठी कॉलेज देईल ती जागा मुकाट्यानं घेऊ नका. इनपेशंट कोडिंग असलेलं हॉस्पिटल मागा. लहान क्लिनिकच्या पुढच्या टेबलावर बसून स्कॅनिंग करण्यात ते तास घालवू नका. शेवटच्या सत्रात असतानाच आरएचआयटीला बसायची सोय असते, तिचा फायदा घ्या, कारण पदवीनंतर सहा महिने गेले की अभ्यासाची धार बोथट होते.

पण हे सगळं तीन गोष्टी लेखी मिळाल्यावर. तुमचा अभ्यासक्रम आज कॅहीमच्या यादीत आहे का आणि पुढची तपासणी कधी आहे. इथले क्रेडिट कुठल्या विद्यापीठाच्या एचआयएम बॅचलर्सला पूर्ण चालतात, म्हणजे दोन संस्थांमध्ये तसा करार आहे का. आणि हा अभ्यासक्रम बंद करायचा विचार चालू असेल तर आत्ता शिकणाऱ्यांची सोय काय. तोंडी ‘काळजी करू नका’ वर थांबू नका. ईमेल करा, ईमेलवरच उत्तर घ्या. यातल्या पहिल्याचं उत्तर नकारार्थी आलं तर माझा वरचा सल्ला रद्द समजा आणि लगेच बदला, मग निम्मे क्रेडिट असोत की पाऊण.

सोबतच बीएचएमएसची पदवी विषयवार तपासून घ्या. मूल्यांकन करणाऱ्या संस्था ती वेगवेगळ्या तऱ्हेनं मोजतात, पण इथल्या बॅचलर्सच्या तोडीची ठरली तर तुमच्यासाठी एक आडवाट खुली होते. काही विद्यापीठं आधीच बॅचलर्स असलेल्यांना फक्त एचआयएमचे विषय करून प्रमाणपत्र देतात आणि ते मान्यताप्राप्त असेल तर आरएचआयएला बसता येतं. म्हणजे चार वर्षं पुन्हा नकोत. तुमचं असोसिएट झालं, नोकरी लागली, की मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळून संध्याकाळी हे करा. पुष्कळ हॉस्पिटलं कर्मचाऱ्यांच्या फीचा काही भाग भरतात. मास्टर्स त्यानंतर, आणि तेव्हाही एचआयएमचं की इन्फर्मेटिक्सचं हे कामात दोन वर्षं मुरल्यावर ठरवा. तोवर तुम्हाला माणसं सांभाळायला आवडतं की आकडे, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

ज्या वाचक अजून कुठेच दाखल झालेल्या नाहीत आणि ज्यांच्याकडे भारतातली बीफार्म, बीएएमएस, बीपीटी यांसारखी पदवी आहे, त्यांना मात्र मी वेगळं सांगेन. आधी पदवीचं मूल्यांकन आणि ती आडवाट तपासा, असोसिएटचा अर्ज नंतर. बारावीनंतर शिक्षण थांबलेल्या, मुलं मोठी झाल्यावर बाहेर पडणाऱ्या बहिणींना कम्युनिटी कॉलेजासारखी चांगली जागा दुसरी नाही. तिथूनच सुरुवात करा, फक्त पुढे बॅचलर्स करायचंय हे पहिल्या दिवसापासून मनात धरून विषय निवडा. फक्त कोडिंगच करायचं असेल, विभाग चालवण्यात रस नसेल, तर सीसीएस किंवा सीपीसी परीक्षा आहेत. त्यांना पदवीची अट नाही, मात्र नव्या सीपीसीच्या नावामागे अनुभव येईपर्यंत ‘ॲप्रेंटिस’चं ए लागतं आणि पहिली नोकरी शोधताना ते आड येतं. परीक्षा झाल्यावर आयुष्यभर पुरेल असंही नाही. आरएचआयटीला दर दोन वर्षांनी २० आणि आरएचआयएला ३० क्रेडिटचं शिक्षण चालू ठेवावं लागतं.

पुण्या-नवी मुंबईतून अमेरिकन फाइलींचं कोडिंग करणारी कितीतरी मुलं-मुली हे सदर वाचतात, त्यांच्यासाठीही दोन शब्द. पातळ्यांची ही चर्चा आता भारतातही आली आहे. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यानं हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट हा स्वतंत्र वर्ग मानला. त्या कायद्यात किमान २,००० तासांच्या पदविकेची एक पातळी आणि किमान ३,६०० तासांच्या पदवीची दुसरी. त्याच वर्षी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि जिल्ह्याच्या हॉस्पिटलातल्या एमआरडीतही (मेडिकल रेकॉर्ड विभागातही) आभा हा आरोग्य खात्याचा क्रमांक, संगणकावरच्या नोंदी हे शब्द रुळायला लागले. सहा महिन्यांचा कोडिंगचा क्लास नोकरी देतो हे मान्य, पण तो या दोन्हींपैकी कुठल्याच पातळीत मोडत नाही. मणिपालसारख्या ठिकाणी या विषयाची बीएससी आणि एमएससी आहे. वय हातात आहे तोवर तिकडे बघा.

ताई, यजमानांना हे पत्र वाचायला द्या आणि कर्जाचा फॉर्म तूर्त बाजूला ठेवायला सांगा. सासूबाईंना तो इकोचा रिपोर्ट आणि ‘सीएचएफ’ची ओळ समजावून सांगा. तुम्ही दवाखान्यात पेशंटला समजावून सांगायचात तशी सांगितलीत तर त्यांना पटेल असं मला वाटतं. पुढच्या सत्राची नोंदणी सुरू व्हायच्या आत त्या तीन ईमेल पाठवा. उत्तरं आली की मला कळवा, विशेषतः क्रेडिटच्या कराराबद्दल. तुमच्या भागातल्या आणखी दोघींनी हेच विचारलंय.